सगळ्यांचे श्वास अठरा

तिला मिनिटताई हे नाव वॉर्डातल्या मावशींनी दिलं होतं. ते कौतुकाने दिलं की वैतागून, हे मावशींना स्वतःलाही सांगता आलं नसतं. एखाद्या पेशंटचं मनगट धरून ती उभी राहिली की पूर्ण मिनिटभर जागची हलत नसे. बादली आणि फडकं घेऊन आलेल्या मावशींना तेवढा वेळ पलंगाच्या पायाशी ताटकळावं लागे. मिनिट संपलं की ती चार्टवर आकडा लिही, पेशंटच्या पायावरचं पांघरूण नीट करी आणि मावशींना म्हणे, "हं, आता पुसा." मावशी म्हणत, "मिनिट म्हणता म्हणता माझी दुपार होते." पण पुढच्या पलंगापाशी त्या पुन्हा निमूटपणे थांबत.

ती मोजायची ते श्वास. नाडी सगळेच मोजतात. श्वास मोजण्यात एक गोम आहे. माणसाला कळलं की आपला श्वास कोणी मोजतंय, की तो नेहमीसारखा घेताच येत नाही. कोणी रोखून धरतो, कोणी लांब घ्यायला लागतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर ठेवायची पोटावर. पांघरूण वर जातं, खाली येतं, तो एक. छातीवर उलटं अडकवलेलं घड्याळ दुसऱ्या हाताने किंचित उचलायचं आणि सेकंदकाटा पुन्हा जागेवर येईपर्यंत थांबायचं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणाऱ्या बऱ्याच होत्या. मिनिटताई त्यांना सांगे, "अशाने चूकपण चारपट होते."

हे तिला ज्यांनी शिकवलं त्या आधीच्या मेट्रन. सगळं रुग्णालय त्यांना मोठ्या बाई म्हणायचं. मोठ्या बाईंची एक पद्धत होती. रोज सकाळी त्या एका वॉर्डात यायच्या, मनाला येईल त्या पलंगाशी स्टूल ओढून बसायच्या आणि स्वतः त्या पेशंटचे श्वास मोजायच्या. मग चार्ट मागायच्या. दोन्ही आकडे जुळले तर काही न बोलता उठायच्या. नाही जुळले तर त्या नर्सला शेजारी बसवून पुन्हा मोजायला लावायच्या आणि स्वतःही मोजायच्या. ओरडणं नाही, कागद नाही. पण त्या स्टुलावर शेजारी बसण्याची लाज अशी होती की एकदा बसलेली नर्स पुन्हा बसायची वेळ येऊ देत नसे. मोठ्या बाईंना प्रत्येकीच्या घरची माहिती होती. कोणाचं मूल आजारी आहे, कोणाच्या सासऱ्यांना दिसत नाही, हे त्यांना ड्यूटी लावताना आठवायचं. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मावशी म्हणाल्या होत्या, "घरातलं कोणी जावं तसं झालंय." तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं. सहा महिन्यांनी वाटेनासं झालं.

नव्या मेट्रन वरच्या कार्यालयातून आल्या. बाई वाईट होत्या असं म्हणता येणार नाही. वेळेवर यायच्या, कोणाकडून चहासुद्धा घ्यायच्या नाहीत, साडीची घडी कधी विस्कटायची नाही. पण त्यांना माणसापेक्षा कागदाची ओळख लवकर पटायची. नर्सना त्या वॉर्डाच्या नंबराने हाक मारायच्या. "सात नंबर, इकडे या," असं. पेशंटच्या पलंगाजवळ त्या कधी गेल्या नाहीत. सकाळी आठाला दारातल्या टेबलापाशी उभ्या राहायच्या, चाळीस चार्टची चळत पुढे घ्यायच्या आणि पर्समधली लाल पेन्सिल काढायच्या. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब अशा रकान्यांवरून पेन्सिल झरझर खाली यायची. रकाना भरलेला असला की पुढे. रिकामा असला की लाल गोळा. आठवड्यात तीन लाल गोळे झाले की मेमो आणि सुट्टी रद्द. भरलेल्या रकान्यात काय भरलंय, हे त्या पेन्सिलीला कधी विचारावंसं वाटलं नाही.

पूर्वी सकाळच्या ड्यूटीला पाच जणी असायच्या. दोघींना दुसरीकडे हलवलं. उरल्या तीन आणि पेशंट चाळीसच. मिनिटताई पहिल्या महिन्यातच मेट्रनच्या खोलीत गेली आणि हिशेब मांडला. चाळीस पेशंटचे श्वास नीट मोजायचे तर नुसत्या त्यालाच चाळीस मिनिटं लागतात. त्यात औषधं, इंजेक्शनं, सलाइन, डॉक्टरांची फेरी. निदान एक जण तरी वाढवून द्या. मेट्रननी मान वर न करता ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "बाकीच्या वॉर्डांत तीनच आहेत. त्यांना जमतं. तुम्हालाच कसं जमत नाही?"

बाकीच्यांना कसं जमतं, हे तिलाही कोडंच होतं.

त्या आठवड्यात एका सकाळी दोन पेशंट एकाच वेळी बिघडले. त्यांच्यात आठ वाजले आणि अकरा जणांचे श्वास मोजायचे राहिले. तिने त्या अकरा रकान्यांत स्वच्छ अक्षरांत लिहिलं, "मोजले नाहीत." तिच्या मते हीसुद्धा नोंदच होती, आणि खरी होती. मेट्रननी अकराच्या अकरा ठिकाणी लाल गोळे केले. दुपारी मेमो आला, कामात हलगर्जीपणा. बावीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. तिने तिथेच सही केली. शेजारच्या टेबलावरच्या दोघी कागदात डोकं घालून बसल्या होत्या. पूर्वी अशा वेळी कोणी तरी येऊन पाठीवर हात ठेवला असता. त्या दिवशी कोणी उठलं नाही. उठलेली माणसं मेट्रनच्या लक्षात राहायची.

दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्या वॉर्डांतले चार्ट काढून बघितले. श्वासाच्या रकान्यात अठरा. खाली अठरा. त्याच्या खाली अठरा. आदल्या दिवशी अठरा, त्याच्या आदल्या दिवशी अठरा. न्यूमोनियाची बाई अठरा, पाय मोडलेला हमाल अठरा, नव्वदीचे आजोबा अठरा. निरोगी माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण जेवढे श्वास घेतो, तो आकडा. कोणाच्या डोळ्यांत न खुपणारा. सगळं रुग्णालय कवायतीला उभं राहिल्यासारखं एका तालात श्वास घेत होतं. बाकीच्यांना कसं जमतं, ते कोडं सुटलं.

चार्टची चळत इकडून तिकडे नेणाऱ्या मावशींना वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखता यायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं होतं, "बाई, हे अठरा अठरा काय असतं हो सगळ्यांच्या कागदावर? पलंगाचा नंबर म्हणावा, तर पलंग तर वेगवेगळे." सगळ्या हसल्या होत्या. मिनिटताईसुद्धा हसली होती. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

कारण त्याच महिन्यात तिनेही अठरा लिहिलं. पहिल्या दिवशी चारच ठिकाणी, तेही जे पेशंट बरे होऊन घरी जायच्या बेतात होते त्यांच्या चार्टवर, आणि तरी पेन थबकलं. आठवड्याने दहा ठिकाणी. मग एक सकाळ अशी आली की तिने खुर्चीत बसून चाळीस वेळा अठरा लिहिलं, वर बघितलंही नाही, आणि आठ वाजायला दहा मिनिटं होती. मेट्रनची पेन्सिल खाली सरकत गेली, कुठेही न थांबता. "सात नंबर, आता जमायला लागलं," असं मेट्रन म्हणाल्या. त्या आल्यापासूनचं ते पहिलं चांगलं वाक्य होतं. मिनिटताईला त्याचा आनंद झाला, हीच खरी गोष्ट. कित्येक दिवसांनी कोणी बरं बोललं होतं. भुकेल्याला कोंडाही गोड लागतो.

घरी तिचा नवरा वीजमंडळात मीटर वाचायचं काम करायचा. दारोदार फिरून, शिडीवर चढून आकडे टिपायचे, असा त्याचा दिवस. जेवताना तिने हे त्याला सांगितलं, जरा थट्टेवारी नेत. तो म्हणाला, "आम्हीपण टाकतो गं अंदाजे आकडा. कुलूप असलं की टाकावाच लागतो. पण त्याच्यापुढे 'घर बंद' असं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर नोकरी जाते." तिने ताडकन सांगितलं की मीटर आणि माणूस यांत फरक असतो. "तेच म्हणतोय," तो म्हणाला आणि जेवायला लागला. त्यानंतर चार दिवस तिने त्याच्याशी धड बोलणं केलं नाही.

वॉर्डाचं आता वॉर्डपण राहिलं नव्हतं. थर्मामीटर ज्याचा त्याने कपाटात कुलपात ठेवायचा, नाहीतर ऐन वेळी मिळायचा नाही आणि रकाना रिकामा राहायचा. एकीच्या पेशंटची सलाइन संपत आलेली दिसली तरी दुसरी तिकडे बघायची नाही. तो तिचा पलंग. ड्यूटी बदलताना पूर्वी पलंगापलंगाशी जाऊन ओव्हर द्यायचे, हा रात्री घाबरला होता, हिला उजव्या कुशीवर झोपवू नका, असं. आता टेबलावर चार्टची चळत ठेवायची आणि निघायचं. आजारपणाच्या रजा वाढल्या. चांगल्या हाताची एक जण नोकरी सोडून कपड्यांच्या दुकानात उभी राहायला लागली. तिथे निदान कापड खरं मोजावं लागतं, असं ती जाताना म्हणाली. मिनिटताई आवाज चढवायला लागली. एका म्हातारीने तिसऱ्यांदा पाणी मागितलं तेव्हा "मला दोनच हात आहेत" असं ती तिच्यावर खेकसली, आणि म्हातारीने घाबरून "नको, नको, तहान नाही" म्हटलं. हे तिला घरी जाताना अर्ध्या रस्त्यात आठवलं. परत फिरावं असं वाटलं. ती फिरली नाही.

वॉर्डात एक नवी मुलगी होती. वयाने सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणायचे. तिला मनगट धरून पोटाकडे बघायला मिनिटताईनेच शिकवलं होतं, अजून मोठ्या बाई असताना. हात हलका, डोळा तेज. धाकटीची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. दोन महिन्यांत व्हायची होती, आणि ते मेट्रनच्या एका सहीवर होतं. अठरा लिहायला धाकटीला कोणी शिकवलं, हे कोणी कोणाला विचारलं नाही. शिकवावं लागतच नाही. मोठी माणसं करतात ते मुलं करतात.

मग चौदा नंबरच्या पलंगावर एक सुतार आले. सत्तरीचे, हाडकुळे, बोटांना रंध्याचे घट्टे. तापासाठी दाखल झाले होते. त्यांचा मुलगा शाळेची बस चालवायचा. सकाळची मुलं शाळेत पोचवली की येऊन बापाशेजारी बसायचा आणि दुपारी शाळा सुटायच्या आत जायचा. फार बोलायचा नाही. बापलेक दोघे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तो टेबलापाशी आला. मिनिटताई औषधांच्या ट्रेवर वाकलेली होती. तिचे वीस पेशंट राहिले होते आणि अकराला फेरी होती. तो अडखळत म्हणाला की वडील भरभर श्वास घेतायत असं वाटतं. त्याने समोरच्या घड्याळात बघून मोजले. छत्तीस आले. परत मोजले, परत छत्तीस.

चौदा नंबर चार पावलांवर होता. तिने मान वळवली असती तर पांघरूण दिसलं असतं. तिने चार्ट ओढला. दहाच्या रकान्यात अठरा होते, धाकटीची सही होती. ते अठरा कसे आलेत हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने स्वतः त्या सकाळी वीस ठिकाणी तेच लिहिलं होतं. आणि तरीही छापील रकान्यात निळ्या शाईने लिहिलेला तो आकडा बघून तिला बरं वाटलं. "अठरा आहेत," ती त्याला म्हणाली. "इथे नोंद आहे, आत्ताची. तुमचं मोजणं चुकलं असेल. काळजीने असं होतं माणसाचं."

तो हो म्हणाला. माझं शिक्षण तसं कमीच आहे, असंही म्हणाला, जणू माफी मागत असावा. जाऊन बापाशेजारी बसला आणि मग बसची वेळ झाली म्हणून निघून गेला. अकराची फेरी त्या दिवशी साडेबाराला आली. डॉक्टर चौदा नंबरपाशी आले तेव्हा सुतारांचे ओठ काळेनिळे पडले होते. धावाधाव झाली, त्यांना खालच्या अतिदक्षता विभागात नेलं. मुलगा मुलं घरोघर सोडून परत आला तोवर सगळं संपलं होतं.

मुलाने तक्रार केली. रागाची नव्हती. अर्धं पान, तिरक्या अक्षरातलं. मी सांगितलं होतं, त्यांनी कागद बघून ठीक आहे म्हटलं, मग असं कसं झालं ते मला समजावून सांगावं, एवढंच. अधीक्षकांनी चौकशीचा दिवस ठरवला.

आदल्या दिवशी मेट्रननी मिनिटताईला खोलीत बोलावलं आणि पहिल्यांदाच खुर्ची दिली. चौकशीत काही अडचण नाही, असं त्या म्हणाल्या. नोंदी पूर्ण आहेत. सहाला अठरा, दहाला अठरा. म्हणजे पेशंट साडेबारापर्यंत ठीक होते आणि अचानक बिघडले; त्या वयात होतं असं. "तुम्ही फक्त चार्ट बघून सांगितलं एवढंच सांगायचं. ते खरंच आहे. खोटं बोला असं मी म्हणत नाही."

त्यात खोटं काहीच नव्हतं, हेच तर भयंकर होतं. त्या खोट्या आकड्याने आता सगळ्यांना आपल्या पंखाखाली घेतलं होतं. अठरा होते तोवर धाकटी सुरक्षित, मिनिटताई सुरक्षित, मेट्रन सुरक्षित, अधीक्षकसुद्धा. उघड्यावर एकटाच राहत होता, बस चालवणारा तो मुलगा. त्याला मोजता आलं नव्हतं, एवढाच काय तो दोष शिल्लक राहणार होता.

संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत धाकटीने तिला गाठलं. मुलीचे डोळे सुजले होते. मी त्यांच्याजवळ गेलेच नव्हते, असं तिने कबूल केलं. पुढच्या आठवड्यात कायमची ऑर्डर होती. वडील घरी बसलेले, पाठच्या दोन बहिणी शिकणाऱ्या. "ताई, तुम्ही फक्त गप्प राहा," ती म्हणाली. "मी पुढे रोज मोजेन. शप्पथ." मिनिटताईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. काय सांगणार होती? मुलगी मागत होती ते स्वतःसाठी मागायची तिचीही तितकीच इच्छा होती.

अधीक्षकांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी पाच खुर्च्या मांडल्या होत्या. मेट्रननी चार्ट टेबलावर पसरला आणि पेन्सिलीच्या टोकाने आकडे दाखवले. मुलगा पुढे वाकून बघत होता. खाकी कपड्यातच आला होता, दुपारची बसची फेरी होती. अधीक्षकांनी त्याला सौम्यपणे समजावलं. दुःखात माणसाला गोष्टी मोठ्या दिसतात, नोंद मात्र नोंद असते, हे बघा. त्याने बराच वेळ त्या अठरावर बोट ठेवलं. मग त्याने अधीक्षकांकडे न बघता मिनिटताईकडे बघितलं.

"बाई, म्हणजे माझंच मोजणं चुकलं का?" तो म्हणाला. "तेवढंच सांगा. चुकलं असेल तर मी मनातून काढून टाकतो. त्या दिवसापासून तेच मोजतोय मी, रोज."

गप्प राहायचं, असं ती ठरवून आली होती. घरून निघताना नवऱ्याने काही विचारलं नव्हतं, नुसता डबा हातात दिला होता. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. पण तिच्यासमोर बसलेला माणूस एकाच गोष्टीसाठी खोटा ठरत होता. जे काम त्या खोलीत कोणीही केलं नव्हतं, ते काम त्याने केलं होतं. पूर्ण मिनिट. तेही दोनदा.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं बरोबर होतं. मोजले तुम्ही एकट्यानेच. मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही."

मेट्रन म्हणाल्या, सात नंबर, विचारलं तेवढंच. पण मिनिटताई थांबली नाही. आठ महिने झाले, मी श्वास मोजलेले नाहीत, असं तिने सांगितलं. मी अठरा लिहिते. बरे होतात तेही अठरा, जातात तेही अठरा. रिकाम्या रकान्याला मेमो मिळतो, खोट्या रकान्याला काही होत नाही. म्हणून कोणी रिकामा ठेवत नाही. तिने धाकटीचं नाव घेतलं नाही. पण सही टेबलावरच होती आणि सगळ्यांना वाचता येत होतं.

मुलाने ऐकून घेतलं. उठला, टोपी हातात घेतली. तो तिचे आभार मानेल किंवा शिव्या देईल, असं तिला वाटलं. दोन्हींपैकी काहीही तिने घेतलं असतं. तो म्हणाला, "हे त्या दिवशी सांगायचं होतं." आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेला.

पुढचं सगळं रीतसर झालं. मिनिटताईची एक वेतनवाढ थांबली आणि तिची बदली तळमजल्यावर चादरींच्या खोलीत झाली. तिच्या जबानीवरून पेशंटची कामं तिच्याकडे देणं योग्य नाही, असं पत्रात लिहिलेलं होतं. धाकटीची कायमची ऑर्डर सहा महिने पुढे ढकलली. त्या दिवसापासून धाकटी तिला समोरून येताना दिसली की जिन्याने वर जायची. मेट्रननी सुधारणा म्हणून नवं परिपत्रक काढलं. श्वासाच्या रकान्यात यापुढे दोन नर्सच्या सह्या हव्यात, अशी सक्ती केली. माणसं तीनच राहिली. आता अठरांखाली दोन सह्या येऊ लागल्या. दोन सह्यांचा आकडा एका सहीपेक्षा दुप्पट खरा दिसतो.

चादरींची खोली अरुंद आणि उंच होती. छतापर्यंत फळ्या, साबणाचा आणि इस्त्रीचा वास. सकाळी धुलाईघरातून गाठोडी यायची, मोजून घ्यायची, फाटलेल्या वेगळ्या करायच्या, वॉर्डांना मोजून द्यायच्या. मिनिटताई मोजायची ते बरोबरच मोजायची. अठ्ठावन्न आल्या तर अठ्ठावन्न लिहायची, साठ नाही. यावरून धुलाईघराचा मुकादम तिच्यावर खार खाऊन होता. मावशी मुद्दाम वाट वाकडी करून यायच्या, गाठोड्यावर बसून वॉर्डातलं सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "इथे बरं आहे हो तुमचं. चादरी काही श्वास घेत नाहीत." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या पदराने उगीचच फळी पुसायला लागल्या.

घड्याळ ती अजून छातीवर उलटं लावायची. चादरींना त्याची गरज नव्हती. नवऱ्याने एकदा विचारलं, तेव्हा सवय आहे म्हणाली.

वर्ष उलटलं. एका सकाळी बाहेरच्या बोळात मुलींचा घोळका थांबला. शिकाऊ नर्सची नवी तुकडी, नव्या कोऱ्या गणवेशातली. त्यांना रुग्णालय दाखवायचं काम धाकटीकडे होतं. ती आता कायम झाली होती आणि वर्षभरात एकही लाल गोळा नाही म्हणून तिला शिकवण्याचं काम दिलं होतं. वर फेरी चालू असल्याने मुलींना बोळातच थांबवून ती वेळ भरून काढत होती. दार अर्धं उघडं होतं. आत कोण आहे, हे ती विसरली असावी.

"मनगट धरायचं," धाकटीचा आवाज आला. "नाडी बघतोय असं दाखवायचं. नजर पोटावर. कळलं की माणसाचा श्वास बदलतो. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर चूकपण चारपट होते."

चादरी मोजता मोजता मिनिटताईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. शब्द न् शब्द तिचा होता, मधली थांबण्याची जागासुद्धा. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. इतकं तरी उरलं, असं तिला वाटलं.

"हे परीक्षेपुरतं," धाकटी पुढे म्हणाली, आवाज थोडा खाली आणून. "वॉर्डात गेलात की अठरा लिहायचं. लिहून घ्या."

मुली हसल्या. वह्यांची पानं उलटली.

मिनिटताई दारात येऊन उभी राहिली. धाकटीचा चेहरा उतरला, पण ती जागची हलली नाही. बोळात जिना नव्हता. दाराजवळच्या मुलीचं मनगट मिनिटताईने हलकेच हातात घेतलं, दुसऱ्या हाताने घड्याळ उचललं आणि नजर खाली ठेवली. बोळ शांत झाला. सेकंदकाटा खाली गेला, वर आला. कोणी तरी खोकलं. मिनिट लांब असतं. उभं राहून बघितल्याशिवाय ते किती लांब आहे हे कळत नाही.

"बावीस," ती म्हणाली आणि मनगट सोडलं. "घाबरली आहेस थोडी. बाकी ठीक आहेस."

मुलीने आपल्या वहीकडे बघितलं. 'श्वास' या शब्दापुढे तिने आत्ताच लिहिलेलं अठरा होतं, शाई अजून ओली. ते खोडावं की ठेवावं, हे तिला कळेना. तिने धाकटीकडे बघितलं. धाकटी खाली बघत होती. तेवढ्यात वरून मेट्रननी टाळी वाजवली, फेरी संपली होती. मुलींची रांग सुरू झाली आणि ती मुलगी वही तशीच मिटून रांगेत गेली.

मिनिटताई आत आली. अर्धी राहिलेली घडी तिने उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली. मग चादरी मोजायला घेतल्या. मघाचा आकडा विसरली होती.